भिंतीवरचा काळा त्रिकोण

करुणा आमची वरची खोली बघायला आली, तेव्हा येणाऱ्या प्रत्येक भाडेकरूला सांगतो तसं मी तिलाही सांगितलं, "पाणी भरपूर आहे."

तिने गच्चीवरच्या टाकीकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "भरपूर म्हणजे कशापेक्षा, काका?"

आधी मला तो आगाऊपणा वाटला. मी सरकारी हिशेब तपासणीच्या कार्यालयात नोकरी करतो. 'पुरेसा', 'समाधानकारक', 'अंदाजे' असले शब्द लोकांच्या कागदांत दिसले की त्यांना लाल खूण करणं हे माझं रोजचं काम आहे, आणि घरी येऊन मी स्वतः 'भरपूर' म्हणत होतो. मी तिला नीट सांगितलं, की मनीषनगरात आमच्या गल्लीला रोज सकाळी नळ येतो, मागच्या गल्लीला दिवसाआड येतो, आणि मे महिन्यात दोघांनाही टँकरची वाट बघावी लागते.

"हां, असं सांगा न मग," ती म्हणाली आणि खोली घेतली.

ती भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातली. वडील ती लहान असतानाच गेले, आई अंगणवाडीत मदतनीस. एम.एस्सी. करून आमच्या शहरातल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात ती मेंदूविज्ञानात पीएचडी करत होती. आठवण मेंदूत कशी राहते आणि म्हातारपणी कशी जाते, हा तिचा विषय. त्यासाठी तिच्याकडे पांढरे उंदीर होते. त्यांच्याविषयी ती अशी बोलायची, की माझी बायको पहिले काही दिवस ताटावरून उठायची.

"कशापेक्षा" हा तिचा शब्द आमच्या घरात लवकरच रुळला. बायको म्हणायची, "आज फार उकडतंय गं." वरून आवाज यायचा, "कशापेक्षा, काकू?" बायको म्हणायची, "तुझ्या डोक्यापेक्षा!" पण तो नुसता विनोद नव्हता. एखाद्या शेजाऱ्याने सांगितलं, की अमुक काढा घेतला आणि ताप उतरला, तर ती अगदी साधेपणाने विचारायची, "नसता घेतला तर नसता उतरला का?" शेजारी दुखावायचे. तिला ते कळायचंही नाही.

दुसरी तिची तऱ्हा साबणाची. बिनवासाच्या साबणाने ती आंघोळ करायची. डोक्याला तेल नाही, पावडर नाही. तिचे कपडे गच्चीत वाळत असले की बायकोने तिकडे उदबत्ती न्यायची नाही, अशी तिची हात जोडून विनंती होती. उंदराला माणूस वासाने कळतो; रोज वेगळा वास आला तर तो बिथरतो आणि मग त्याच्यावर केलेलं सगळं काम वाया जातं, असं ती सांगायची. बायको मला म्हणाली, "ही पोरगी उंदरांसाठी साबण बदलते. लग्नासाठी बदलेल का हो?"

"नाही बदलणार, काकू," जिन्यावरून उत्तर आलं. "त्यालेच बदला लागंन."

तिचा प्रयोग तिने आम्हाला जेवणाच्या टेबलावर समजावून दिला होता. परातीत पाणी घेतलं, त्यात थोडं दूध घालून ते पांढरं केलं आणि एका बाजूला वाटी उपडी ठेवली, पाण्याखाली दिसणार नाही अशी. "ही टाकी. हा उंदीर," म्हणून एक शेंगदाणा सोडला. उंदराला पोहणं येतं पण आवडत नाही. तो धडपडत फिरतो, कधीतरी त्याचा पाय वाटीला लागतो आणि तो वर चढून बसतो. पुन्हा सोडला की थोडा लवकर पोहोचतो. काही दिवसांनी थेट तिकडेच जातो. "आता सांगा, वाटी तर दिसत नाही. त्याले कळते कसं?"

मी अंदाज केला, वासावरून. बायको म्हणाली, सवयीने.

"भिंतीवरून," ती म्हणाली. "खोलीच्या भिंतीवर मी खुणा लावते. एका भिंतीवर काळा त्रिकोण, समोर पट्टे. त्रिकोणाच्या अंगाले वाटी आहे, हे तो ध्यानात ठेवते. आपण नाही का, पिंपळ आला की डावीकडं वळायचं म्हणतो? तसंच. त्रिकोण म्हणजे त्याचा पिंपळ."

प्रयोग संपला की त्या उंदरांना मारून त्यांचे मेंदू काढायचे असत. तेही ती स्वतः करायची, दुसऱ्यावर ढकलायची नाही. त्या दिवशी ती घरी यायची, गच्चीवरच्या नळाखाली खूप वेळ हात धुवायची आणि जेवायची नाही. मी एकदा विचारलं, की त्रास होतो तर दुसरा विषय का घेतला नाही. ती म्हणाली, "जीव घेतो न काका आपण. मग त्याच्या नावावर खोटं लिहायचं नाही, एवढं तरी पाळा लागते."

एवढं एक वाक्य त्या विभागातल्या बाकीच्यांनी कधी ऐकलं असतं तर बरं झालं असतं. तिथल्या ज्या गोष्टी मी ऐकल्या आणि नंतर काही डोळ्यांनी पाहिल्या, त्यांनी मला शिसारी आली. मी सरकारी नोकरीत आयुष्य काढलं आहे, मला सहज धक्का बसत नाही. पण उंदरांच्या खोलीतलं थंड हवेचं यंत्र नागपूरच्या मे महिन्यात बंद पडतं, जनावरं तोंडं उघडी टाकून पडतात, आणि दुरुस्तीचा अर्ज ज्यांच्या टेबलावर पडून आहे त्या सरांच्या खोलीत शाल घेऊन बसावं लागतं, हे कोणत्या नियमात बसतं? पीएचडी करणारी तिशीच्या घरातली मुलं सरांच्या मुलीला शिकवणीला सोडायची, सरांच्या गाडीचं पंक्चर काढून आणायची. तपासणीची समिती यायची असली की करुणाला पहाटे कळमन्याच्या फळबाजारात जावं लागे. पाहुण्यांना द्यायला संत्र्याच्या पेट्या ती निवडून आणायची. "मी संत्री चांगली निवडते असं सर म्हणतात," ती म्हणायची. "चार वर्षांत त्याहिनं केलेली ही एकच तारीफ."

या सरांचं नाव लिहायची मला इच्छा नाही. ते तिचे मार्गदर्शक होते, म्हणजे त्यांच्या सहीशिवाय तिचं काहीच पुढे सरकत नव्हतं. त्यांनी एका औषध कंपनीकडून स्मरणशक्तीच्या गोळीचं काम घेतलं होतं आणि ते करुणाच्या प्रबंधात घातलं होतं. म्हातारे उंदीर घ्यायचे, त्यांना वाटी शोधायला शिकवायचं, मग अर्ध्यांना गोळीतलं औषध द्यायचं आणि अर्ध्यांना साधं पाणी. काही आठवड्यांनी दोघांनाही टाकीत सोडून कोणाला वाटी आठवते ते बघायचं. शेवटची ही परीक्षा नवरात्रात आली.

करुणाने ठरवलं होतं, की औषधाचा एक, पाण्याचा एक, असे आलटूनपालटून एकाच दिवशी सगळे सोडायचे. पण अष्टमीला कंपनीचा माणूस आला. त्याला फक्त औषधाचे उंदीर बघायचे होते. सर म्हणाले, "अरे, त्यांची फ्लाईट आहे. त्यांचे उंदीर आधी दाखव ना." ती म्हणाली, "सर, दोघांले सोबतच सोडा लागते." सर म्हणाले, "उद्या सोड बाकीचे. उंदीर काय गावाला चाललेत का?" कंपनीच्या माणसाने टाळ्या वाजवल्या. औषधाचे उंदीर झटपट वाटीवर जाऊन बसले होते.

गावाला उंदीर नाही, करुणा चालली होती. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायला तिची आई दरवर्षी येई आणि तिला आणायला करुणा नवमीला सकाळीच निघे. जाताना ती विभागातल्या धाकट्या विद्यार्थ्याला, अंकुशला, सांगून गेली की उरलेल्या उंदरांना फक्त खाऊपाणी दे, परीक्षा मी आल्यावर घेते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिची आई माझ्या बायकोला म्हणाली, "पोरगी कोठी काम करते ते पाहाचं होतं मले." मी सुट्टीवर होतो, गाडी काढली आणि मायलेकींना घेऊन गेलो. म्हणून पुढचं मी स्वतः पाहिलेलं आहे.

टाकीच्या खोलीचं दार उघडलं तर आधी धुपाचा वास आला. दाराला झेंडूचं तोरण होतं. टाकीच्या काठावर चहूबाजूंनी हळदीकुंकवाची बोटं, पाण्यावर पाकळ्या. खंडेनवमीला विभागातल्या यंत्रांची पूजा झाली होती आणि टाकी हे त्या विभागातलं सगळ्यात मोठं यंत्र. भिंतीवर, जिथे तिचा त्रिकोण असायचा त्याच खिळ्याला, हार घातलेली देवीची तसबीर होती. समोरचे पट्टे झेंडूच्या माळांखाली झाकले गेले होते. त्रिकोण खाली स्टुलावर आडवा ठेवला होता आणि त्यावर खोबऱ्याचे तुकडे आणि साखर.

अंकुश आतून आनंदाने आला. "ताई, टेन्शन नका घेऊ! सरांनी परवाच करून घेतले सगळे. पूजा झाल्या झाल्या. रिझल्ट एकदम झकास आलाय. पाण्यावाले उंदीर पार येडे झाले, नुसते गोल गोल फिरून राहिले होते."

करुणा स्टुलाजवळ गेली. तिने स्टुलावरून एकेक खोबरं उचलून कागदावर ठेवलं, त्रिकोण पुसला आणि तो हातात धरून उभी राहिली.

"काहून वं?" आईने विचारलं. "काय झालं?"

"आई, त्याहिचा पिंपळ तोडला नं," ती म्हणाली. मग अंकुशकडे वळली. "तू इथं रोज येतोस. उद्या तुया गल्लीतली सगळी घरं कोणी पुसून टाकली आणि तुले घर नाही सापडलं, तर तुयी आठवण गेली म्हणायचं का?"

अंकुशला ते कळलं. मी त्याचा चेहरा पाहिला आहे, त्याला नक्की कळलं. तो म्हणाला, "ताई, सरांना सांगू नका मला समजलं म्हणून."

औषधाचे उंदीर खुणा असताना पोहले आणि पाण्याचे खुणा नसताना. ती चूक होती, आणि चूक कोणाकडूनही होते. पूजेलाही माझी हरकत नाही, मी माझ्या गाडीला दर दसऱ्याला हार घालतो. चूक कळल्यावर जे झालं, त्याची मला किळस येते.

करुणाने तसबीर नीट काढून अंकुशच्या हातात दिली, खुणा परत लावल्या, टाकीचं पाणी बदललं आणि दोन दिवसांनी पाण्याचे उंदीर पुन्हा सोडले. बहुतेक सगळे थेट वाटीकडे गेले. मी म्हटलं, झालं तर मग, औषधाचा काही उपयोग नाही हे सिद्ध झालं. ती म्हणाली, "नाही न काका. हे उंदीर एकदा जास्तीचं पोहले आहेत. याहिची तुलना आता औषधवाल्यांसोबत नाही करता येत." औषधवाल्यांना पुन्हा सोडायचं म्हटलं तर ते उरलेच नव्हते. ती गावाला असताना सरांनी त्यांचे मेंदू काढून घेतले होते. नवे उंदीर घेऊन सगळं पहिल्यापासून करायचं, एवढाच मार्ग होता. तिने सरांना तसं सांगितलं.

सर आमच्या घरी आले. तेवढं सौजन्य ते दाखवू शकत होते. संत्रा बर्फीचा डबा आणला होता, तो बोलता बोलता त्यांनीच उघडला आणि त्यांनीच खाल्ला. करुणा समोर उभी होती. तिला त्यांनी बस म्हटलं नाही, माझ्या घरात. मला म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्ही तर हिशेबातले माणूस. थोडं इकडं तिकडं तर चालतंच ना? ही पोरगी हुशार आहे, पण जिद्दी. एक कागद आहे फक्त, की परीक्षा ठरलेल्या पद्धतीने झाली. सही केली की उन्हाळ्याच्या आत डॉक्टर. नाही केली तर फेलोशिपचं शेवटचं वर्ष आहे, मी काय करू शकतो?"

"सर, ठरलेल्या पद्धतीनं झाली नाही," करुणा म्हणाली.

त्यावर ते माझ्याकडे झुकले आणि आवाज खाली आणून, पण तिला ऐकू जाईल असा, म्हणाले, "खरी गोष्ट अशी आहे भाऊसाहेब, हिला पूजेचाच प्रॉब्लेम आहे. तुम्ही समजू शकता. त्यांच्यात असतंच ते."

तिची आई स्वयंपाकघराच्या दारात होती. तिने हे ऐकलं. मी सरांना म्हणालो, "मीही गाडीला हार घालतो. पण काचेवर हार घालून, समोरचं दिसत नाही तरी गाडी नीट चालली, असं कोणाला लिहून देत नाही." ते हसले. अशी माणसं हसतात. बर्फीचा एक तुकडा तोंडात आणि एक हातात घेऊन ते निघाले.

ते गेल्यावर बायकोने डबा उचलून आत नेला. मग आई म्हणाली, "करून टाक न वं सही. तुह्या एका सहीनं कोण मरते? मी म्हातारी झाली. गावात सगळ्याइले सांगून ठेवलं, पोरगी डॉक्टर होऊन राहिली म्हणून."

करुणा तिच्याजवळ खाली बसली. "आई, ही गोळी म्हाताऱ्या माणसाइले देणार आहेत. उद्या तुलेच कोणी देईल."

"मंग? खाईन मी."

"आणि नाही लागू पडली तर?"

"तर तू हायेस न," आई म्हणाली आणि रडायला लागली.

करुणा माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही काय केलं असतं?"

मी म्हटलं, सही केली नसती.

"तुमची नोकरी पक्की आहे, काका," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती फक्त तुलना नीट करत होती. 

तिने सही केली नाही. विद्यापीठाकडे तक्रार केली. तिघांची समिती बसली आणि त्यांनी तिला पहिला प्रश्न विचारला, "विभागातल्या पूजेला तुमचा आक्षेप आहे का?" ती म्हणाली, "पूजेला नाही, सर. त्रिकोण काढण्याला आहे." दुसऱ्याने विचारलं, "म्हणजे तसबीर काढा असं तुमचं म्हणणं?" टाकीकडे जाऊन बघायची त्यांच्यापैकी एकालाही गरज वाटली नाही. अहवालात लिहिलं, की विद्यार्थिनीचा गैरसमज झालेला असून धार्मिक सलोखा राखण्याबाबत सर्वांना समज देण्यात यावी. मी आयुष्यभर सरकारी भाषा वाचली आहे. इतकं घाणेरडं वाक्य मी दुसरं वाचलेलं नाही.

सरांनी तिच्या कामाच्या अहवालावर सही करणं थांबवलं, फेलोशिप बंद झाली. ते काम त्यांनी अंकुशकडे दिलं. त्याने सही केली. मी त्या मुलाला फार दोष देत नाही, पण त्याला घरातही घेणार नाही. करुणाने खोली सोडली तेव्हा बायकोने तिला डबा भरून दिला आणि तिच्या सामानात वासाच्या साबणाच्या वड्या घातल्या. "आता लाव बाई," म्हणाली. दोघी हसल्या आणि मग दोघींनाही हसू आवरून डोळे पुसावे लागले.

आता ती एका खाजगी क्लासमध्ये बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. गेल्या महिन्यात ती मला सदर भागातल्या एका औषधाच्या दुकानात भेटली. आम्ही बोलत उभे होतो, तेवढ्यात एक गृहस्थ आले. मुलाची दहावी आहे, स्मरणशक्तीची ती नवी गोळी द्या म्हणाले. दुकानदाराने डबी ठेवली. तीच गोळी. डबीवर मेंदूचं चित्र आणि खाली 'विद्यापीठात सिद्ध'.

करुणा पुढे झाली. "दादा, एक मिनिट. ही गोळी मी तपासली होती. तपासणी बिघडली होती. ही लागू पडते का नाही, ते कोणालेच माहीत नाही."

गृहस्थ थबकले. दुकानदाराने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मॅडम, तुमचं शिक्षण काय?"

"पीएचडी करत होती. पूर्ण नाही झाली."

दुकानदाराने डबी फिरवून गृहस्थांपुढे धरली. मागे सरांचं नाव होतं, पदव्यांसकट. गृहस्थ तिच्याकडे बघून ओशाळं हसले, दोन डब्या घेतल्या आणि गेले.

बाहेर येऊन मी तिच्यावर चिडलो. ज्या माणसाने तिची चार वर्षं खाल्ली, त्याची गोळी होती ती. म्हटलं, "माहीत नाही काय म्हणतेस? खोटी आहे असं सरळ सांगायचं होतंस. मग त्याने घेतली नसती."

"खोटी आहे असं कसं सांगू, काका?" ती म्हणाली. "तेवढे आकडे माझ्याजवळ कुठं आहेत?"